०.४ की ०-४? सामायिक प्रकाशनातील फॉन्टची जबाबदारी कोणाची?

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले, की अरुंद गल्ल्यांच्या जाळ्यात मंगला गौरीचे मंदिर लागते. वाराणसीच्या याच मोहल्ल्यात मी गेली काही वर्षे भाड्याच्या घरात राहते. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट आणि पंचगंगेच्या या परिसरात अनेक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे आजही आहेत. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा त्यांचा व्यवहार. माझे कामही असेच दोन भाषांत विभागलेले आहे. प्रयोगशाळेत व प्रक्षेत्रावर मी किडींचा अभ्यास करते; आणि त्या अभ्यासातून निघालेली शिफारस शेतकऱ्यापर्यंत हिंदीत व मराठीत पोहोचवण्याच्या कामात माझाही वाटा असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र कीड नाही. तो आहे फॉन्ट, म्हणजे संगणकावरील अक्षरांचा साचा. कीटकशास्त्रज्ञाने या विषयावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही दोन वर्षांपूर्वी वाटले असते. फॉन्टचे काय ते जुळणीकार पाहून घेईल, आपण मजकूर शास्त्रीयदृष्ट्या अचूक द्यावा, एवढीच माझी समजूत होती. ती समजूत एका घडीपत्रिकेने मोडली.

एका घडीपत्रिकेची कथा

वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीच्या व्यवस्थापनाची ती घडीपत्रिका होती. गंगेपलीकडच्या रामनगरचा भंटा आणि जळगावचे भरताचे वांगे या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आणि दोहोंनाही छळणारी अळी एकच, ल्यूसिनोड्स ऑर्बोनॅलिस. म्हणून हिंदी व मराठी अशा दोन आवृत्त्या एकत्र काढण्याचे ठरले. मजकूर तीन ठिकाणी तयार झाला, चौथ्या ठिकाणी त्याची जुळणी झाली आणि पाचव्या ठिकाणी छपाई. प्रत्येक ठिकाणचा संगणक निराळा, त्यावरील फॉन्ट निराळे, आणि प्रत्येकाचा ‘माझ्याकडे तर नीट दिसते’ हा अनुभवही निराळा.

मराठी मजकुराचा काही भाग एका जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित झाला होता. तो फॉन्ट पुढच्या संगणकावर नव्हता, त्यामुळे परिच्छेदांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक चिवडा दिसू लागला. तो दिसला, म्हणूनच दुरुस्त झाला. जुळणीकाराने सर्व परिच्छेद परिवर्तकातून काढून युनिकोडमध्ये आणले. कीटकनाशकांच्या तक्त्यातील शेवटच्या स्तंभात मात्र केवळ अंक होते. फॉन्ट बदलला तरी अंक अंकच राहिले. जे नीट दिसते आहे ते परिवर्तकातून काढण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

त्या जुन्या फॉन्टमध्ये दशांशचिन्हाच्या टिंबाचे घर संयोगरेषेच्या कळीवर होते. म्हणजे संगणकाच्या लेखी तेथे आडवी रेघ साठवलेली होती; फॉन्ट ती टिंबाच्या रूपात दाखवत होता, इतकेच. फॉन्ट गेला आणि टिंबाची रेघ झाली. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी या कीटकनाशकापुढील मात्रा मी ०.४ मिली प्रति लिटर अशी दिली होती. छापून आली ती ०-४ मिली प्रति लिटर.

अंतिम मुद्रितावर माझी सही होती. मी परिच्छेद वाचले होते, वैज्ञानिक नावे तपासली होती, छायाचित्रांखालच्या ओळी पाहिल्या होत्या. तक्त्यावरून मात्र माझी नजर फिरून गेली, कारण तो तक्ता माझाच होता आणि त्यात काय आहे हे मला पाठ होते. आपल्याला पाठ असलेले आपण वाचत नाही, ते आठवतो.

चूक सापडली ती आमच्या गल्लीत. शेजारचे निवृत्त शिक्षक मराठी अक्षर दिसेल तेथे वाचतात. मी घरी आणलेली प्रत त्यांनी चष्मा सावरत शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, ‘ताई, शून्य ते चार मिली म्हणजे शेतकऱ्याने नेमके किती घालायचे?’

मी म्हटले, ‘काका, शून्य ते चार कुठे आहे?’ त्यांनी बोट ठेवून दाखवले. त्या क्षणी मला प्रथम शेतकऱ्याचा पंप दिसला. पंधरा लिटरच्या पंपास ०.४ च्या हिशेबाने सहा मिली औषध लागते. ०-४ मधील वरचा आकडा धरला तर साठ मिली, म्हणजे दहापट. आणि वांगे हे काही दिवसाआड तोडून थेट बाजारात जाणारे फळ आहे.

छापलेले गठ्ठे थांबवले गेले. एक गठ्ठा आधीच रवाना झाला होता. दूरध्वनी करून तोही परत मागवला. त्यातील सर्वच्या सर्व प्रती परत आल्या की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. हा लेख लिहिण्यामागे तेवढेच एक कारण पुरेसे आहे.

अक्षर दिसणे आणि अक्षर असणे

या प्रकाराचे मूळ समजण्यासाठी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. आणि फॉन्ट त्या क्रमांकाला रूप देतो. एखाद्या क्रमांकाचा अर्थ सर्व संगणकांवर एकच असेल, तर फॉन्ट बदलल्याने केवळ वळण बदलते, मजकूर बदलत नाही. पण क्रमांकाचा अर्थच फॉन्टवर अवलंबून असेल, तर फॉन्ट गेला की अर्थही जातो.

संगणकावर मराठी येऊ लागली तेव्हा नेमकी दुसरी स्थिती होती. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवरच देवनागरीचे तुकडे बसवून फॉन्ट बनवले गेले: कोठे अर्धा ‘क’, कोठे काना, कोठे वेलांटी. हे बसवणे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने केले. हिंदी पट्ट्यात कृतिदेव व चाणक्य, महाराष्ट्रात श्रीलिपी, आकृती, शिवाय सीडॅकच्या प्रणालींतील फॉन्ट, अशा अनेक कुळांची मांडणी परस्परांशी जुळणारी नव्हती. कृतिदेवात संयोगरेषेच्या कळीवर टिंब येते आणि टिंबाच्या कळीवर अर्धा ‘ण’ येतो, हे त्या फॉन्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या काळाच्या मर्यादेत ही युक्ती उपयुक्त होती. तिच्याशिवाय नव्वदच्या दशकातील मराठी प्रकाशने निघालीच नसती. तेव्हा त्या निर्मात्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही.

यावर उपाय मात्र तेव्हापासूनच उपलब्ध होता. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ खंडाला १२८ स्थाने आहेत आणि प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच आहे. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट सामान्य संगणकांवर आला, अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी यांचे काम त्यामागे होते. २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड व मुक्त फॉन्ट स्वरूप ही मानके अधिसूचित केली. तंत्र आहे, मानक आहे, शासनाचा निर्णयही आहे. तरीही आपल्या क्षेत्रातील कितीतरी पुस्तिका आजही जुन्या फॉन्टमध्ये जुळवल्या जातात. अडचण तंत्राची असती तर ती केव्हाच सुटली असती. अडचण आहे ती जबाबदारी कोणाची, या प्रश्नाची.

समनामे आणि पर्यायनामे

वर्गीकरणशास्त्राच्या अभ्यासकाला या गोंधळाचे स्वरूप परिचित वाटेल. आपल्याकडे दोन प्रकारची नामदोषांची प्रकरणे येतात. एकच नाव दोन भिन्न जातींना दिलेले असते, ते समनाम. आणि एकाच जातीला दोन नावे पडलेली असतात, ते पर्यायनाम. फॉन्टच्या जगात दोन्ही आढळतात. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्या दोन संगणकांवर असतात. नाव तेच, पण आतील एखाद्या जोडाक्षराचे स्थान किंवा अक्षराची रुंदी निराळी. ओळी सरकतात, तक्ते पुढच्या पानावर जातात, आणि दोघेही शपथेवर सांगतात की आम्ही तोच फॉन्ट वापरला. हे झाले समनाम.

पर्यायनामाचा दोष अधिक सूक्ष्म आहे, आणि तो युनिकोडमध्येही उरतो. ‘ॲझाडिरॅक्टिन’ या निंबोळीजन्य घटकाचे पहिले अक्षर घ्या. ते ‘ॲ’ या एकाच स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते; मराठीच्या गरजेसाठी हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ च्या सुमारास आले. त्याआधीच्या सवयीने अनेकजण ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाला ती दोन भिन्न नावे वाटतात. शंभर पानांच्या संकलित पुस्तिकेत आपण ‘ॲझाडिरॅक्टिन’ शोधले आणि सात ठिकाणी सापडले, म्हणजे ते सातच ठिकाणी आहे असे समजण्याचे कारण नाही. एखाद्या कीटकनाशकाची शिफारस मागे घ्यावी लागते तेव्हा ही गोष्ट किती महत्त्वाची ठरते, हे सांगायला नको.

‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील र

आपल्या सर्व प्रकाशनांत सर्वाधिक वेळा येणारा शब्द बहुधा ‘शेतकऱ्यांना’ हाच असावा. दैवयोग असा, की फॉन्टची खरी परीक्षा याच शब्दात होते. त्यातील आडवा, वळसेदार अर्धा ‘र’ हिंदीत नाही. तो मराठीचा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा ‘र’ संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्या रीतीत साध्या ‘र’नंतर हलन्त देऊन एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. हे अदृश्य चिन्ह मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना सहज गळून पडते, आणि मग ‘शेतकर्यांना’ असे विद्रूप रूप छापले जाते. वाराणसीत हिंदीच्या सवयीच्या संगणकावर जुळलेल्या मराठी मजकुरात हे मी वारंवार पाहिले आहे. जुळणीकाराला ते चुकीचे वाटत नाही, कारण हिंदीच्या नियमाने ते बरोबरच असते.

‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ शालेय पुस्तकांपासून आपल्या डोळ्यांत बसलेले आहेत, आणि राज्य शासनाने प्रमाण वर्णमालेविषयी २००९ व २०२२ मध्ये काढलेल्या निर्णयांतही या वळणांची दखल घेतलेली आहे. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे असतात. परंतु मजकुराची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगितले, तरच तो मराठी वळण काढतो. भाषा ‘हिंदी’ राहिली, तर मराठी मजकूर हिंदी वळणात छापला जातो. याने कोणाच्या पिकाचे नुकसान होत नाही, हे मान्य. म्हणून दशांशचिन्हाच्या पंक्तीत मी या दोषाला बसवणार नाही. पण शेतकऱ्याच्या हाती आपण जे देतो ते त्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या अक्षरात असावे, हा आग्रह अनाठायी नाही.

जुळणीकाराचे म्हणणे

या प्रश्नावर बोलताना आपण शास्त्रज्ञ मंडळी फार लवकर जुळणीकाराकडे बोट दाखवतो. त्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे. आमच्या गल्लीपासून जवळच जुळणीचे एक लहान दुकान आहे. लग्नपत्रिका, पंचांगाची पाने, मंदिरांच्या पावत्या, विद्यार्थ्यांचे प्रबंध, असे सर्व तेथे होते. तेथील मालकांशी मी या विषयावर बोलले. त्यांचे म्हणणे सरळ होते: हाताला रेमिंग्टन पद्धतीच्या कळा बसल्या आहेत, जुन्या फॉन्टमधील वळणे छपाईत भरदार दिसतात, आणि ग्राहक घाईत असतो. नवे शिकायला लागणाऱ्या दिवसांची मजुरी कोण देणार?

पहिल्या अडचणीला उत्तर आहे. रेमिंग्टन पद्धतीच्या कळा युनिकोडमध्येही मिळतात. फॉन्ट बदलण्यासाठी बोटांची सवय बदलावी लागत नाही. नव्याने शिकणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्ट शिकावे, कारण ती पद्धत सर्व भारतीय लिपींना समान आहे. दुसरी अडचण पूर्वी खरी होती. आज मुक्त परवान्याचे, उत्तम वळणाचे मराठी फॉन्ट उपलब्ध आहेत: मुंबईच्या एकटाइप संस्थेचा ‘मुक्त’, राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकारातून आलेला ‘यशोमुद्रा’, खास मराठी वळणाचा ‘तिरो देवनागरी मराठी’, आणि सर्वत्र सापडणारा ‘नोटो’. तिसरी अडचण, मजुरीची, ती मात्र आपली आहे. सामायिक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कागद, छपाई व टपाल यांसाठी रकमा असतात. मजकुराच्या शुद्ध परिवर्तनासाठी व मुद्रितशोधनासाठी स्वतंत्र तरतूद क्वचितच असते. ज्या कामाची आपण किंमत ठेवत नाही, ते काम नीट झाले नाही म्हणून तक्रार करण्याचा अधिकारही आपल्याला राहत नाही.

एक आक्षेप सहकाऱ्यांकडूनही येतो. ‘शेवटी पीडीएफच तर पाठवायची, तिच्यात फॉन्ट आपोआप समाविष्ट होतो. मग एवढा खटाटोप कशाला?’ पीडीएफ कागदापुरती पुरेशी आहे, हे खरे. पण जुन्या फॉन्टमधील पीडीएफ म्हणजे मजकुराचे छायाचित्र. तिच्यातून मजकूर उचलला तर चिवडाच हाती येतो. तिच्यात ‘शेंडा पोखरणारी अळी’ शोधले तर काही सापडत नाही. दृष्टिहीन वाचकाचे वाचक-यंत्र ती वाचू शकत नाही. गेल्या तीन दशकांतील आपल्या किती पुस्तिका अशा मुक्या अवस्थेत पडून असतील, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे. संग्रहालयातील नमुन्यावरची चिठ्ठी पुसली गेली, की कीटक तसाच राहतो आणि त्याचे वैज्ञानिक मोल मात्र जाते. या पुस्तिकांचे तसेच होत आहे.

संगणकाच्या सोयीसाठी आपण का बदलावे, असाही एक सूर असतो. येथे मानवी जनुकांच्या नावांचे उदाहरण बोलके आहे. ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी संक्षिप्त नावे एक्सेलमध्ये लिहिताच त्यांच्या तारखा होत, आणि प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांतही त्या चुका शिरत. अखेरीस २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांची नावेच बदलली. बलाढ्य प्रयोगशाळांनाही दिसणे आणि असणे यांतील फरक असा महागात पडला. आपण निदान फॉन्ट बदलू शकतो.

काय करता येईल?

आमच्या चुकीनंतर आम्ही सामायिक प्रकाशनांसाठी काही नियम ठरवले. ते परिपूर्ण नाहीत, पण उपयोगी पडले आहेत. वाचकांच्या विचारार्थ ते येथे मांडते.

पहिला नियम: प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत फॉन्ट ठरवावा. तो युनिकोडचा, मराठी वळण असलेला आणि मुक्त परवान्याचा असावा. परवाना मुक्त असल्यास फॉन्टची फाइल सर्व केंद्रांना कायदेशीरपणे वाटता येते. विकतचा फॉन्ट एका संगणकावरून दुसऱ्यावर उचलून नेणे हे बहुधा परवान्याचा भंग ठरते, आणि संशोधन संस्थांनी तरी याकडे डोळेझाक करू नये. फॉन्टचे नाव आणि आवृत्ती दोन्ही लिहून ठेवावीत, म्हणजे समनामाचा दोष टळतो.

दुसरा: मजकुराची मूळ प्रत एकच असावी आणि ती एकाच्याच ताब्यात असावी. दुरुस्त्या सर्वांनी सुचवाव्यात, पण मूळ प्रतीत त्या एकानेच कराव्यात.

तिसरा: लेखनाच्या खुणा ठरवाव्यात. ‘ॲ’ कोणत्या रीतीने, ‘ऱ्य’ कोणत्या रीतीने, अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, हे एका पानावर लिहून सर्वांना द्यावे. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. छपाईसाठी पृष्ठरचना करताना भारतीय लिपी नीट जोडणारा पर्याय चालू आहे ना, हे पाहावे. तो नसेल तर उत्तम युनिकोड मजकुराचीही वेलांटी भलतीकडे जाते.

चौथा: फाइल पाठवताना तिच्यासोबत फॉन्टही पाठवावेत, आणि तुलनेसाठी फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ जोडावी. मिळालेली फाइल त्या पीडीएफशी पडताळूनच कामास हात घालावा.

पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: मात्रा कधीही एकाच रूपात देऊ नये. ‘०.४ मिली प्रति लिटर’ यापुढे ‘१५ लिटरच्या पंपास ६ मिली’ असेही लिहावे, आणि शक्य असल्यास अक्षरांतही लिहावे. पूर्णांकात टिंब नसते, म्हणून ते हरवतही नाही. आणि दोन रूपे जुळली नाहीत तर वाचणाराच विचारतो. शेतकरी तरी लिटरचा हिशेब कोठे करतो? तो पंपाचाच करतो.

सहावा: अंतिम मुद्रितातील प्रत्येक अंक अशा व्यक्तीने मोठ्याने वाचावा, जिने तो मजकूर लिहिलेला नाही. दुसऱ्याने मूळ टिपणात पाहून होकार द्यावा. जुन्या छापखान्यांत मुद्रिते अशीच वाचली जात.

सातवा: जुन्या प्रकाशनांचे युनिकोडमध्ये परिवर्तन हे स्वतंत्र काम मानावे. राज्यातील चार कृषी विद्यापीठे दरवर्षी आपल्या शिफारशी एकत्र मांडतात. अशा संकलित शिफारशींपासून प्रारंभ केला, तर कमी श्रमात सर्वाधिक उपयोग होईल. परिवर्तक अक्षरे बदलून देतो. पण तक्ते, अपूर्णांक व वैज्ञानिक नावे माणसानेच तपासली पाहिजेत. आमची चूक नेमकी तेथेच झाली होती.

जबाबदारी लेखकाची

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, की एवढ्याशा टिंबासाठी एवढा प्रपंच! २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे वेगळी व अनेक होती. छपाईच्या चुकीशी तिचा संबंध जोडण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. पण कीटकनाशकाची मात्रा, मिश्रण आणि सावधगिरी यांविषयीचा प्रत्येक शब्द किती जड असतो, हे त्या हंगामाने आपल्या पिढीच्या कीटकशास्त्रज्ञांना कायमचे शिकवले. ती मात्रा ठरवण्यासाठी आपण अनेक हंगाम चाचण्या घेतो, पुनरावृत्त्या करतो, संख्याशास्त्रीय कसोट्या लावतो. मग शेवटच्या टप्प्यावर, शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे जाताना, ती मात्रा कोणत्या संगणकावरील कोणत्या फॉन्टच्या भरवशावर सोडावी, हा प्रश्न विज्ञानाबाहेरचा कसा मानता येईल?

मला वाटते, शिफारस ही शोधनिबंधात पूर्ण होत नाही. ती शेतकऱ्याने अचूक वाचली, तेव्हा पूर्ण होते. म्हणून फॉन्टची जबाबदारी जुळणीकाराची नाही, संगणक विभागाचीही नाही. ज्याचे नाव लेखक म्हणून छापले जाते, त्याची ती आहे.

मी राहते त्या परिसराला शुद्ध प्रतीचे महत्त्व नवे नाही. परंपरा सांगते, की संत एकनाथांनी आपले भागवत याच काशीत, शके १४९५ मध्ये पूर्ण केले. पुढे पैठणास शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांनी भरलेल्या प्रती ताडून एक शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तीत कोणी पदरचे घालू नये असे बजावले. नकलांमागून नकला होताना मजकूर कसा बिघडतो आणि तो सावरण्यास एक विश्वसनीय मूळ प्रत का लागते, हे त्यांना संगणकाशिवाय कळले होते.

आमच्या घडीपत्रिकेची दुरुस्त आवृत्ती छापून आली, तेव्हा पहिली प्रत मी शेजारच्या काकांना नेऊन दिली. त्यांनी पहिले पान उलटलेही नाही. थेट तक्ता काढला आणि बोट ठेवून वाचू लागले, ‘शून्य पूर्णांक चार. पंधरा लिटरला सहा.’ मग मान वर करून म्हणाले, ‘आता कळते.’ आमच्या प्रकाशनास मिळालेला तो सर्वांत मोठा अभिप्राय होता. आपल्या प्रत्येक पुस्तिकेला छपाईपूर्वी असा एक वाचक लाभावा. आणि तो योगायोगाने लाभण्याची वाट न पाहता, आपण तो नेमून घ्यावा.